घरी घडवलेला दांडा

यंत्राचा मोडलेला भाग काढून त्याच मापाचा नवा घडवला, की काम झाले असे तुम्हांला वाटते ना? राइट बंधूंचा अनुभव पाहा. नोव्हेंबर १९०३ मध्ये किटी हॉक येथे त्यांच्या विमानाचे पंखे फिरवणारे पोलादी नळीचे दांडे निकामी झाले. त्यांच्या डेटन गावाहून अधिक जाड नळीचे दांडे घडवून आले. पण २८ तारखेला त्यांतल्या एकाला तडा गेलेला दिसला. असे का व्हावे? इंजिन हिसके देत होते आणि ताठ नळीत ते हिसके जिरत नव्हते. मग ऑर्व्हिलने स्वतः डेटनला जाऊन स्प्रिंगच्या पोलादाचे भरीव दांडे बनवून आणले. असे पोलाद हिसक्यासरशी किंचित पिळवटते व पुन्हा पूर्ववत होते. १७ डिसेंबरला विमान उडाले!

तेव्हा नुसते माप जुळून भागत नाही. धातूचे गुणही कामाला साजेसे हवेत. अमेरिकेत आजही मालकाला स्वतःच्या विमानासाठी सुटा भाग बनवता येतो. मात्र धातू, माप, घडण सारे मान्य आराखड्याबरहुकूम असावे लागते. सायकलचा साधा बोल्ट बदलतानाही तुम्ही विचारा : हा कशाचा आहे?