केबल ट्रे हलवून बघणारं करिअर

बारावीचा निकाल लागला की नागपुरात घरोघरी ब्रँचचा घोळ सुरू होतो. ‘कॉम्प्युटर नाही मिळालं तर काय?’ हा प्रश्न मुलांपेक्षा पालकांनाच जास्त छळतो. माझ्या मते टिकाऊ कामं बरेचदा दोन ब्रँचच्या बांधावर सापडतात. वीजकेंद्रातल्या केबल ट्रेच्या आधारांची भूकंप-चाचणी हे त्यातलंच एक काम. इमारत शाबूत राहिली, पण छताला टांगलेले ट्रे निखळले, तर पंप आणि कंट्रोल रूम दोन्ही ठप्प होतात. म्हणून आधारांचं मॉडेल शेक टेबलवर बसवून हलवून बघतात. त्यासाठी खऱ्या भूकंपाची नोंदही वापरता येते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची धरणातच मिळालेली नोंद जगभरचे अभ्यासक वापरतात. खरी मेख मापात आहे. त्याच पोलादाचं चौथाई मापाचं मॉडेल केलं की वजन ६४ पटींनी घटतं, पण वजन पेलणारा छेद १६ पटींनीच. ताण मुळाइतका राहावा म्हणून वरून जादा वजनं लादायची आणि धक्क्याची नोंद निम्म्या वेळात चालवायची.

हे सगळं कॉम्प्युटरवर होत नाही का? बरंचसं होतं. पण ट्रेमधल्या केबल एकमेकींवर घासून हादऱ्याची किती ऊर्जा खातात, हा आकडा सॉफ्टवेअरला चाचणीतूनच द्यावा लागतो. हे घर्षण छोट्या मॉडेलमध्ये नीट उतरत नाही, म्हणून पूर्ण मापाच्या चाचण्याही लागतात. ‘नागपुरात कुठे भूकंप होतो?’ असंही कुणी म्हणेल. १९९३ मध्ये किल्लारी हादरलं, तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. शिवाय इथला इंजिनिअर उद्या तारापूरच्या अणुवीजकेंद्रासाठीही काम करील.

जागा मोजक्याच आहेत, हा आक्षेप मात्र खरा आहे. बंगळुरूची सीपीआरआय, चेन्नईची एसईआरसी, आयआयटी रुडकी अशी ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी, आणि नुसत्या बी.टेक.वर तिथे निभाव लागणं कठीण. म्हणून आधी सिव्हिल किंवा मेकॅनिकल पक्कं करावं, मग गेट देऊन एम.टेक. स्ट्रक्चरल डायनॅमिक्सचा असा अभ्यासक्रम आपल्या व्हीएनआयटीतही आहे. कंपनं मोजण्याचं हेच कौशल्य पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांतही चालतं. म्हणून कॉलेज बघायला जाल, तेव्हा प्लेसमेंटच्या फलकाआधी कंपनांची लॅब दाखवायला सांगा. कंपनं मोजणारा एक्सेलरोमीटर मुलांच्या हातात असतो की कुलपात, हेही विचारा.