संगणकावर घराचा आराखडा : चुका, उपाय आणि काही सूचना

अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन गरजांपैकी निवारा ही गरज माणूस बहुधा आयुष्यात एकदाच पुरी करतो. धान्य चुकीचे आणले तर पुढच्या बाजाराला बदलता येते. पण भिंत चुकीच्या जागी उभी राहिली, तर ती दोन पिढ्या तिथेच राहते. असे असूनही आपल्याकडील बहुसंख्य लहान घरे कागदावर न काढताच बांधली जातात. गवंडी फक्की टाकतो, घरमालक मान डोलावतो आणि ज्या बाईला त्या घरात दिवसाचे पंधरा तास वावरायचे असते तिला मत विचारले जाते ते चौथरा भरून झाल्यावर.

ही उणीव आज थोड्या कष्टात भरून काढता येते. घराचा आराखडा काढण्याच्या आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, आता साध्या संगणकावरही चालतात. त्यांपैकी 'स्वीट होम थ्रीडी' या आज्ञावलीचा अभ्यास आम्ही काही मित्रांनी मिळून केला. ती एमॅन्युएल प्युबारे या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने तयार केली असून मुक्त परवान्याखाली मोफत मिळते. ती वापरताना आम्हांला आलेल्या अडचणी, आमच्या हातून झालेली एक मोठी चूक आणि त्यांवरील उपाय येथे क्रमाने मांडत आहोत.

आज्ञावलीची ओळख

आज्ञावली उघडली की पडद्याचे चार भाग दिसतात. डावीकडे वर सामानाची यादी असते. तीत दारे, खिडक्या, खाटा, कपाटे वगैरे सामान मिळते. तिच्या खाली आपण निवडलेल्या वस्तूंची नोंद होत जाते. उजवीकडे वर आराखड्याचा कागद असतो आणि त्याखाली त्याच घराचे उभे, त्रिमितीय चित्र आपोआप तयार होत जाते. वर एक भिंत काढली की खाली ती उभी राहते. हे पाहून नवशिक्याला फार आनंद होतो, आणि नेमका तेथेच धोका असतो. चित्र सुंदर दिसले म्हणजे मोजमाप बरोबर आहे, असे मनाला वाटू लागते.

आमची चूक

आमच्यापैकी एकाच्या मावशीचे घर बांधायचे होते. बाहेरून बाहेर २० फूट लांब व १५ फूट रुंद एवढीच जागा हाती होती. आम्ही उत्साहाने २० फूट आणि १५ फूट अशा चार भिंती काढल्या. आज्ञावलीने आतील क्षेत्रफळ सुमारे २९१ चौरस फूट दाखवले. आम्ही त्यात दोन खाटा, ओटा, कपाट आणि शिलाई मशीन बसवले. सारे नीट बसले. मावशीलाही चित्र दाखवले. ती हरखून गेली.

आखणीच्या दिवशी गवंड्याने आमचा कागद हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "भिंत कुठनं मोजलीय? आतनं, बाहेरनं, का मधनं?"

आम्हांला उत्तर देता येईना. घरी येऊन तपासले तेव्हा दोन चुका सापडल्या. पहिली अशी की, ही आज्ञावली भिंतीची लांबी तिच्या मध्यरेषेवरून धरते. दुसरी अशी की, आपण काही न सांगितल्यास ती भिंतीची जाडी ७.५ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम ३ इंच मानते. आपली बाहेरची विटेची भिंत ९ इंची असते. बाहेरून २० बाय १५ फूट धरून दोन्ही बाजूंच्या ९ इंची भिंती वजा केल्या, तर आत साडेअठरा बाय साडेतेरा फूट उरतात. म्हणजे २४९.७५ चौरस फूट. २९१ आणि २५० यांत ४१ चौरस फुटांचा फरक पडला! दोन खाटांची जागा पडद्यावर होती, जमिनीवर नव्हती.

हा फरक किती मोठा आहे ते पाहावे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचा किमान आकार स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट ठरवला गेला. एवढ्याशा घरात ४१ फूट हरवणे म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा हरवणे होय. मोठ्या बंगल्यात ही चूक खपून जाते. गरिबाच्या घरात ती खपत नाही.

सुदैवाने पाया खोदलेला नव्हता. एक दिवस काम थांबवून आम्ही आराखडा पुन्हा काढला. त्या वेळी मावशी शेजारी बसली होती. कपाट हलवून दोन खाटांऐवजी एक खाट आणि एक भिंतीलगतचा बाक तिनेच सुचवला. पहिल्या दिवशी आम्ही तिला चित्र दाखवले होते. दुसऱ्या दिवशी तिला विचारले. दोन्हींतला फरक आमच्या ध्यानात आला.

काम सुरू करण्यापूर्वी

१) संगणक उघडण्याआधी टेप, पेन्सिल आणि चौकटीचा कागद घ्यावा. जागा मोजताना चारही बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजावेत. १५ बाय २० फुटांची जागा काटकोनात असेल तर कर्ण बरोबर २५ फूट येतो. कमीजास्त आला तर जागा तिरपी आहे असे समजावे.

२) घरातील प्रत्येक मोठी वस्तू मोजावी. यादीतील खाटा व कपाटे युरोपातील घरांच्या मापाची असतात. वस्तूवर दोनदा टिचकी मारली की तिची रुंदी, खोली आणि उंची बदलता येते. ओट्यासाठी यादीतील एखादे स्वयंपाकघरातील कपाट घेऊन त्याला आपल्या ओट्याची मापे द्यावीत. ओट्याची उंची मात्र स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला उभे करूनच ठरवावी.

३) प्राधान्यक्रमाच्या खिडकीत, म्हणजे 'प्रेफरन्सेस' मध्ये, एकक आधी ठरवावे. फूट-इंच निवडले तर माप लिहिताना फुटाची खूण द्यावी आणि पडद्यावर काय उमटले ते वाचून पाहावे. तेथेच नव्या भिंतीची जाडी ९ इंच, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर करून ठेवावी. आतील आडभिंत साडेचार इंची असेल तर ती नंतर वेगळी बदलावी. गिलावा प्रत्येक बाजूला सुमारे अर्धा इंच खातो, तेही विसरू नये.

४) भिंतीची उंचीही तपासावी. आज्ञावली ती २५० सेंटिमीटर धरते. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची उंची सर्वसाधारणपणे किमान २.७५ मीटर सांगितली आहे.

नेहमीच्या अडचणी व त्यांवरील उपाय

अडचण १ : भिंत हव्या त्या लांबीची येत नाही, माऊस सरकतो.
उपाय : भिंत काढत असताना 'एंटर' कळ दाबावी. लांबी लिहिण्याची चौकट उघडते. आतून १० फुटांची खोली हवी आणि दोन्ही बाजूंना ९ इंची भिंती असतील, तर १० फूट ९ इंच लिहावे. कारण दोन्ही भिंतींची अर्धी अर्धी जाडी त्यात मिळवावी लागते. बाहेरून २० फूट हवे असेल तर उलट १९ फूट ३ इंच लिहावे. हा एकच हिशेब नीट समजला तर निम्म्या चुका टळतात.

अडचण २ : भिंत आपोआप भलत्याच कोनात वळते किंवा शेजारच्या वस्तूला चिकटते.
उपाय : आज्ञावलीत चुंबकासारखा गुण आहे. सरळ घरासाठी तो उपयोगी पडतो. जागा तिरपी असेल तर प्राधान्यक्रमात जाऊन तो बंद करावा आणि काम झाले की पुन्हा सुरू करावा.

अडचण ३ : खोलीत दोनदा टिचकी मारूनही जमीन तयार होत नाही, क्षेत्रफळ दिसत नाही.
उपाय : कोठेतरी भिंतींची टोके जुळलेली नाहीत. चित्र मोठे करून एकेक कोपरा पाहावा. उघडे टोक ओढून दुसऱ्या टोकाला जुळवावे.

अडचण ४ : भिंतीची जाडी बदलली, तरी क्षेत्रफळ जुनेच दिसते.
उपाय : एकदा काढलेली खोली व मापरेषा भिंतीबरोबर आपोआप बदलत नाहीत. जुनी खोली पुसून पुन्हा काढावी. आम्ही या ठिकाणी दोनदा फसलो आहोत. म्हणून भिंती पक्क्या झाल्यावरच खोल्या, दारे आणि मापरेषा घालाव्यात.

अडचण ५ : दार बसवले, पण ते खाटेवर उघडते.
उपाय : आराखड्यात दाराची पाकळी कोणीकडे फिरते ते कमानीने दिसते. ती कमान कोणत्याही वस्तूवरून जाता कामा नये. दाराच्या मापांच्या चौकटीत आकार उलटा करण्याची सोय आहे. दोन वस्तूंमधून ताट किंवा घागर घेऊन जायचे असेल तर निदान अडीच फुटांची वाट ठेवावी.

अडचण ६ : जुन्या नकाशाचे छायाचित्र खाली ठेवून भिंती काढल्या, पण मापे जुळत नाहीत.
उपाय : छायाचित्र तिरपे घेतले असेल तर एक बाजू आखूड दिसते. नकाशा सपाट ठेवून बरोबर वरून छायाचित्र घ्यावे. ते आत आणताना ज्ञात लांबीची एक रेषा दाखवावी लागते. त्यासाठी सर्वांत लांब बाजू निवडावी. लहान बाजू निवडल्यास बारीकशी चूक पुढे वाढत जाते.

अडचण ७ : त्रिमितीय चित्राची जागा काळी किंवा कोरी दिसते.
उपाय : बहुधा संगणकाच्या चित्रयंत्रणेचा चालक, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, जुना झालेला असतो. तो अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू करावा. तोपर्यंत वरच्या आराखड्यावरचे काम मात्र थांबवण्याचे कारण नाही.

अडचण ८ : वीज गेली आणि काम नाहीसे झाले.
उपाय : ठरावीक मिनिटांनी आपोआप जतन करण्याची सोय प्राधान्यक्रमात सुरू करावी. शिवाय प्रत्येक मोठ्या बदलानंतर तारीख घालून वेगळ्या नावाने जतन करावे. जुना आराखडा पुसून टाकू नये. घरातल्या मंडळींना पुष्कळदा तिसऱ्या दिवशी पहिलाच बरा वाटतो.

अडचण ९ : छापलेल्या कागदावर मोजपट्टी लावली तर माप जुळत नाही.
उपाय : छपाईच्या वेळी १:५० हे प्रमाण ठरवावे. 'पानात बसवा' ही सोय बंद ठेवावी. मग २० फुटांची बाजू कागदावर सुमारे १२.२ सेंटिमीटर येते. ती पट्टीने मोजल्याशिवाय कागद गवंड्याच्या हाती देऊ नये. शिवाय मापे आतली की बाहेरची, हे कागदावरच ठळक लिहावे.

घरातून फिरून पाहणे

या आज्ञावलीत मनुष्याची एक आकृती घरात फिरवता येते आणि तिच्या डोळ्यांनी घर पाहता येते. त्या डोळ्यांची उंची बदलता येते. घरातील आजीची उंची घालावी, लहान मुलाची घालावी आणि दारातून ओट्यापर्यंत चालून पाहावे. उंच माणसाला दिसणारी खिडकी बसलेल्या म्हातारीला दिसतेच असे नाही.

आराखड्यावर एक होकायंत्रही असते. त्याची उत्तर दिशा खऱ्या उत्तरेला जुळवावी आणि गावाचे अक्षांश-रेखांश भरावेत. नागपूरसाठी सुमारे २१.१ अंश उत्तर व ७९.१ अंश पूर्व येतात. वेळ भारताची निवडावी. मग उत्तम दर्जाचे छायाचित्र काढताना तारीख व वेळ सांगता येते. एप्रिल महिन्यातील दुपारचे चार वाजवून पाहावे. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट झोपण्याच्या जागेवर येत असेल, तर ती खिडकी हलवायची की तिला सज्जा द्यायचा, हे संगणकावर ठरवायला पैसा लागत नाही.

मर्यादा

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. ही आज्ञावली जागा दाखवते, ताकद दाखवत नाही. पाया किती खोल हवा, स्लॅबमध्ये सळई किती, जमीन काळी आहे की मुरमाड, यांपैकी तिला काहीही कळत नाही. पडद्यावर भिंत काढून टाकली तरी वरचा मजला पडत नाही. प्रत्यक्षात पडतो. म्हणून अभियंत्याचा सल्ला आणि स्थानिक परवानगी यांना पर्याय नाही. आपला आराखडा हा त्यांच्याकडे जाताना न्यायचा प्रश्नांचा कागद आहे.

समारोप

संगणकाने आम्हांला घर बांधायला शिकवले नाही. बांधण्यापूर्वी प्रश्न विचारायला मात्र शिकवले, आणि त्यांतला सर्वांत मोलाचा प्रश्न संगणकाने नव्हे, एका गवंड्याने विचारला. भिंत कुठून मोजली, हा तो प्रश्न. यंत्र आपण दिलेले माप खरे मानून चालते. ते खरे आहे की नाही हे टेप घेऊन उन्हात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आपल्या वस्तीत शिकलेल्या मुलामुलींनी हे काम हाती घ्यावे, एकेका घरातील सर्वांना, विशेषतः आयाबहिणींना, पडद्यासमोर बसवून मगच रेषा ओढावी, अशी आमची नम्र विनंती आहे.

स्वाध्याय

१) आपण सध्या राहतो ती खोली आतून मोजा. तिचे दोन्ही कर्ण मोजून ती काटकोनात आहे का ते ठरवा.
२) आतून १२ फूट बाय १० फूट खोली हवी आहे. चारही भिंती ९ इंची आहेत. आज्ञावलीत कोणत्या लांबी लिहाल? (उत्तर : १२ फूट ९ इंच व १० फूट ९ इंच.)
३) आपल्या घरात सर्वांत जास्त वेळ कोण वावरते? त्या व्यक्तीला घरातील कोणती एक गोष्ट बदलावीशी वाटते, ते विचारून लिहून ठेवा. आराखड्याची सुरुवात त्या कागदापासून करा.