भांड्यांचे घर

भातकुलीत लग्नाची पंगत बसली, की वाढपी धावत असतात. आचारी चुलीपाशी घामाघूम होतो. जेवणारे जेवणाचे कौतुक करतात. पण ती मोठी देग कोणी घडवली, तिला कल्हई कोणी केली, हे कोण विचारतो?

अहमदाबादच्या सुरेंद्र पटेल यांना हा विचार सुचला. १९७८ साली त्यांनी ‘विशाला’ नावाचे, खेड्यासारखे दिसणारे उपाहारगृह काढले. तेथे खाली बसून गुजराती जेवण जेवता येई. त्या काळी घरोघरी स्टीलची भांडी येत होती. तांब्यापितळेची जुनी भांडी लोक मोडीत विकत आणि ती वितळवली जात. पटेलांना फार वाईट वाटले. भांडे गेले, की ते घडवणाऱ्याचे कसबही विसरले जाणार! त्यांनी घागरी, लोटे, अडकित्ते अशा हजारो वस्तू जमवल्या. १९८१ साली ‘विशाला’तच ‘वेचार’ हे भांड्यांचे संग्रहालय उभे राहिले. जेवायला येणारे लोक आता कारागिरांचे कामही पाहू लागले.

मुलांनो, घरातली जुनी देगची मोडीत देण्यापूर्वी दादीला किंवा नानीला तिची हकिकत नक्की विचारा.

शब्दार्थ : मोडीत विकणे – भंगार म्हणून विकणे, कसब – हातातील कला.

प्रश्न : पटेलांना वाईट का वाटले?