शेजारचा बाक

मुलांनो, २ जुलै २०१९ च्या रात्री आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसहून अधिक माणसे वाहून गेली. अशा वेळी एखाद्या मुलाचे आई किंवा वडील जातात. काही दिवसांनी ते मूल पुन्हा शाळेत येते. तेव्हा तुम्ही काय कराल?

"कसे झाले?" असे त्याला सारखे विचारू नका. "रडू नकोस" असेही म्हणू नका. रडल्याने मन हलके होते. "मला फार वाईट वाटले," एवढेच म्हणा आणि त्याच्याजवळ बसा. बुडालेल्या अभ्यासाची वही द्या. खेळायला बोलवा. ते हसले, तर नवल करू नका. दुःखी मूलही खेळते. ते डबा खात नसेल, तर शिक्षकांना सांगा.

दुःख आपण दूर करू शकत नाही. पण वर्गात कोणाला एकटे पडू न देणे आपल्या हाती आहे.