ओसरीचा खांब

मुलांनो, यवतमाळ जिल्ह्यात सागाची विस्तीर्ण जंगले आहेत. मारेगाव याच जिल्ह्यातले. आमच्या तेथील जुन्या घराच्या ओसरीला चार सागवानी खांब होते. साग कधी कुजत नाही, अशी आमची ठाम समजूत! एका श्रावणात ओसरीचे छप्पर एका कोपऱ्यात चार बोटे खाली आले, तेव्हा ती समजूतही खचली.

सुतारकाका आले. त्यांनी आधी तुळईला भक्कम टेकू दिला. मग खांबाच्या बुडाशी पटाशीचे टोक दाबले. ते लोण्यात जावे तसे आत गेले! दोन वर्षांपूर्वी तेथे भोक दिसले, म्हणून आम्हीच त्यात सिमेंट भरून वर रंग दिला होता. "अहो, तुम्ही ओल आत कोंडून वर झाकण घातलेत!" काका म्हणाले.

लाकूड केवळ वयाने कुजत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी सुमारे २००० वर्षे छताखाली टिकून आहेत. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला ओल लागते. लाकडातील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या शेकडा २० हून कमी असली, की ती वाढू शकत नाही. सागाच्या गाभ्यातील तेलकट द्रव्ये तिला पुष्कळ काळ थोपवतात. सालीजवळच्या पांढुरक्या लाकडाला मात्र हे संरक्षण नसते.

मग आमच्या खांबाला पाणी मिळाले कोठून? खांब दगडी तळखड्यावर उभा होता खरा. पण वर्षानुवर्षे अंगणात मुरूम व माती पडत गेली आणि तळखडा तिच्याखाली गाडला गेला. पागोळ्यांचे पाणी खांबाच्या पायाशी मुरू लागले. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडीच. उभा खांब बुडाकडून पाणी शोषून घेतो.

दिवाळीनंतर लाकूड वाळल्यावर काकांनी करवत चालवली. कुजलेल्या भागाबरोबर त्यांनी वरचे वीतभर चांगले दिसणारे लाकूडही कापले. मला ती उधळपट्टी वाटली. पण बुरशीचे न दिसणारे तंतू तेथवर गेलेले असतात. जुन्या तुळईच्या गाभ्याचा कोरडा तुकडा घेऊन दोन्ही टोके निम्मी-निम्मी तासली, एकमेकांत बसवली आणि आरपार लाकडी खुंट्या ठोकल्या. खालच्या तोंडाला जवसाचे तेल तीनदा पाजले.

आम्ही मजुरी पुढे केली. "काम अजून उरले आहे," असे म्हणून काकांनी फावडे माझ्या हाती दिले. तळखडा पुन्हा उघडा पडेपर्यंत आम्ही अंगण खणत होतो.