सीट जरा वर घेऊया का?

जून उजाडला की वह्यांना कव्हरं घाला, रेनकोट शोधा, डब्याचं बघा. या धबडग्यात सायकलीकडे कुणाचं लक्ष जाणार? हवा भरली, ब्रेक दाबून पाहिले की झालं. सीटचा विचार आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातही येत नाही.

शाळकरी मुलं वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर उंच होतात. गणवेश आखूड झालेला लगेच दिसतो, सीट खाली राहिलेली दिसत नाही. मुलालाही ते नेमकं सांगता येत नाही. ते एवढंच म्हणतं, "आई, मला नाही जायचं सायकलवर." लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या चढावर मित्र पुढे निघून गेलेले असतात आणि आपलं लेकरू खाली उतरून सायकल ढकलत असतं. त्याला वाटतं, आपल्यातच दम नाही. दिवसभराच्या कामाने शिणलेले आपण म्हणतो, मोबाइलने आळशी झालाय.

सीट फार खाली असली की गुडघा मोकळा होतच नाही. दुमडलेल्या पायानेच जोर लावायचा, मग मांड्या भरून येतात, गुडघा पुढून दुखायला लागतो. आणि आपल्या मावळात सपाट रस्ता तो केवढा!

तरी आपण ती खालीच ठेवतो, कारण जीव घाबरतो. जुन्या हायवेवरचे ट्रक, शनिवार-रविवारी भुशी डॅमकडे सुसाट निघालेल्या गाड्या. दोन्ही पाय जमिनीला टेकतात ना, मग पोर पडणार नाही, असं वाटतं. शिकताना ते खरंच गरजेचं असतं. तोल सावरायला लागल्यावर मात्र ती धास्ती मुलाच्या गुडघ्यांवर पडते.

कधी उलटंही होतं. "दोन वर्षं तरी जाईल" म्हणून मोठी सायकल घेतो. मग पायडल गाठायला मूल सीटवर डावी-उजवीकडे घसरत राहतं आणि थांबताना दांड्यावर आपटतं. अशा वेळी सीट अगदी खाली घेऊनही भागत नसेल, तर ती सायकल थोडे दिवस बाजूलाच ठेवलेली बरी.

योग्य उंची ठरवायला एखाद्या रविवारी शाळेचे बूट घालून मुलाला सायकलवर बसवा, सायकल घट्ट धरा. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकतो, तीच खरी उंची. एकदम तिथवर जायला नको. बोटभर वर घ्या, चार दिवस चालवू द्या, पुन्हा बोटभर. पाना त्याच्याच हातात द्या आणि "कसं वाटतंय?" हे त्यालाच विचारा. सीटच्या दांड्यावर शेवटची खूण असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. नट शेवटी तुम्ही स्वतः आवळा.

सीट सपाटही हवी. पुढचं टोक वर उचललेलं असेल तर नाजूक जागी दाब येतो आणि मुलं, मुलीसुद्धा, लाजेपोटी ते बोलत नाहीत. तेव्हा आपणच सहज विचारायला हवं. टोक खाली झुकलं असेल तर सगळा भार हातांवर येऊन तळवे बधिर होतात.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत आपला बोरघाट सर्वांत आधी चढणारा 'घाटांचा राजा' ठरतो. असे कसलेले सायकलपटू सीट मिलिमीटरमध्ये मोजून लावतात. आपल्या पोरांसाठी बोटाचं माप पुरे.

आणखी एक, खास लोणावळ्याचं. इथल्या पावसात सीटचा लोखंडी दांडा नळीत गंजून असा बसतो, की पुढे दुकानदारालाही हलत नाही. मे महिन्यातच तो काढून, पुसून, ग्रीस लावून ठेवा.

सीट वर घेतल्यावर पहिल्यांदा शाळेचं मैदान किंवा मळवलीकडचा एखादा निवांत रस्ता बघा. थांबताना सीटवरून पुढे सरकून एक पाय टेकायचा, एवढं दाखवा. मूल बिचकेल, आपल्याही पोटात गोळा येईल. तेव्हा मागून "हळू, हळू!" ओरडण्यापेक्षा थोडा वेळ त्याच्या बाजूने चाला.