ऋतूचा स्वयंपाक

स्वयंपाक हा बायकांचा विषय आहे असें समजून पुष्कळ गृहस्थ हा पाठ वाचल्यावांचून पान उलटतील. त्यांनीं तसें करूं नये. घरांत काय शिजतें, तें कोठून येतें, आणि तें शिजविण्याचें ज्ञान कोणाजवळ आहे, या तीन गोष्टींवर कुटुंबाचें आरोग्य व गरिबाची बरीचशी मिळकत अवलंबून असते. ठाणें, कल्याण व डोंबिवली हीं शहरें आणि त्यांच्या पाठीशीं असलेले मुरबाड, शहापूर व भिवंडी हे तालुके यांचें उदाहरण घेऊन आज या गोष्टीचा विचार करूं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ऋतूची भाजी पुष्कळदां फुकट मिळते, परंतु ती खाण्याजोगी करण्याची विद्या फुकट मिळत नाहीं. ती आजीपासून सुनेकडे व नातीकडे येते; मध्यें एक पिढी शिकली नाहीं म्हणजे ती बुडते.

१. पावसावर चालणारें वर्ष

आमच्या या भागांत चुलीचें वर्ष पावसावर चालत आलें आहे. उन्हाळा सरतांना आगोट भरावयाची, म्हणजे पावसाळा निभावेल अशी बेगमी करावयाची : तांदूळ, वाल, मीठ, मसाला, चिंच, आमसुलें, आंबोशी, पापड, आणि खाडीकिनाऱ्याकडील सुकट, जवळा व सुके बोंबील. कारण पावसांत समुद्रावरील मासेमारी बंद, वाटा चिखलानें भरलेल्या, आणि मजुरी आज आहे तर उद्यां नाहीं. पहिल्या सरी पडल्या कीं रान उगवतें. मग आषाढ-श्रावणांत पालेभाज्या. त्यापुढें वेलांवरचीं दोडकीं, पडवळें, काकड्या व भोपळे. भात कापल्यावर त्याच शेतांत उरलेल्या ओलीवर वाल पेरावयाचे. थंडींत वालाच्या शेंगा, मुळे, माठ. उन्हाळ्यांत मोहाचीं फुलें, फणस, करवंदें व जांभळें. उद्यां काय शिजवावें हा प्रश्न जुन्या गृहिणीस आकाशाकडे पाहूनच सुटत असे.

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली व पुढल्याच वर्षीं लोहमार्ग कल्याणास पोहोंचला. ठाण्यास १९८२ सालीं व कल्याण-डोंबिवलीस १९८३ सालीं महानगरपालिका झाली. शेतांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. तथापि पाऊस लागला म्हणजे अजूनही स्टेशनांच्या बाहेर व बाजारांच्या कडेस ठाकूर, कातकरी, वारली व महादेव कोळी समाजांतील बाया रानभाज्यांच्या जुड्या व वाटे मांडून बसलेल्या दिसतात. त्या भाजीच विकतात असें घेणाऱ्यास वाटतें. वस्तुतः भाजीबरोबर त्या आपली विद्याही देतात, मात्र घेणाऱ्यानें ती विचारून घेतली पाहिजे.

२. शिजविण्यांतील विद्या

शेवळांचें उदाहरण घ्या. सुरणाच्या जातीचें हें रोप पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनींतून जांभळट कोंब वर काढतें, आणि थोड्याच आठवड्यांत हंगाम संपतो. या कोंबांत कॅल्शियम ऑक्झलेट नांवाच्या क्षाराच्या सुयांसारख्या बारीक कांड्या असतात. त्या जिभेस व घशास टोंचतात, म्हणून खाज सुटते. जाणती बाई कोंबाच्या आंतील पिवळा भाग काढून टाकते, उरलेलें बारीक चिरून भरपूर शिजविते, आणि त्यांत काकड नांवाच्या झाडाचीं आंबट फळें ठेंचून घालते; तीं नसल्यास चिंच. मग वाल किंवा सुकट घालून भाजी सिद्ध होते. शेवळांच्या जुडीबरोबर विकणारी बाई मूठभर काकडें देते तीं याकरितांच. नवखी गृहिणी तीं निरुपयोगी समजून तेथेंच टाकून आली, तर रात्रीं साऱ्या घराचा घसा खवखवतो आणि दोष मात्र शेवळांस लागतो. अळवाच्या भाजींत चिंच कां घालतात याचेंही कारण हेंच.

टाकळा रोप वीतभर असतांच खुडावा. पुढें पान निबर होतें व त्यास उग्र वास येतो. कांदा, मुगाची डाळ व ओलें खोबरें घातलें म्हणजे त्याचा उग्रपणा झांकतो. भारंगीचा पाला कडू. तो उकडून, पिळून, पाणी टाकून मगच फोडणीस टाकावा. फोडशी, जिला कोणी कुलू म्हणतात, ती दिसावयास गवतासारखी. तिच्या पांढऱ्या बुडाशीं माती अडकलेली असते, म्हणून पातें न् पातें सोडवून धुवावें लागतें. बांबूचे कोंब कच्चे खाल्ल्यास पोटांत सायनाइड नांवाचें विष उत्पन्न होऊं शकतें; ते बारीक चिरून, पाण्यांत भिजत ठेवून, उकडून, तें पाणी ओतून दिलें म्हणजे निर्धास्तपणें खातां येतात. हें रसायनशास्त्र आमच्या आज्यांनीं पुस्तकांत वाचलें नव्हतें. परंतु पाणी केव्हां ओतावें व केव्हां ठेवावें हें त्यांस बिनचूक ठाऊक होतें.

यावरून एक नियम निघतो. जी भाजी आपल्यास ओळखतां येत नाहीं ती नुसतें चित्र पाहून खुडूं नये. रानांत एकासारखें एक दिसणारें पान पुष्कळ असतें, आणि चुकीच्या पानाची शिक्षा सर्वांत आधीं घरांतील लहान मुलास होते. जाणत्या बाईबरोबर दोन पावसाळे रानांत हिंडावें, पान चुरगाळून वास घ्यावा, मूळ कसें आहे तें पाहावें. मग टोपली घेऊन एकटें जावें.

३. दारचें पीक

रान जवळ नाहीं त्यानें काय करावें? परसांत, अंगणांत, चाळीच्या सज्जांत जें पिकेल तें पिकवावें. माठ व मेथी यांस जुना डबाही पुरतो. मात्र त्याच्या बुडास भोकें पाडावींत, नाहीं तर मुळें कुजतात. मेथी तीन आठवड्यांत आणि माठ महिन्याभरांत खुडण्याजोगा होतो. शेवग्याची मनगटाएवढी फांदी पाऊस लागण्याच्या सुमारास रोंवली तर ती सहसा जगते, आणि मग शेंगांबरोबर पालाही वर्षानुवर्षें मिळतो. दोडका, काकडी व दुधी यांच्या बिया पहिल्या पावसांत टोंचून वेल कुंपणावर किंवा छपरावर चढवावा. दोनेक महिन्यांत फळ धरूं लागतें. भाजीचीं सालें व देंठ मातींत मुरवावे. खत विकत आणण्याची गरज फारशी पडत नाहीं.

करटोलीं लावूं इच्छिणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या वेलींत नर निराळा व मादी निराळी असते. एकच वेल लावून फळाची वाट पाहत बसणें व्यर्थ आहे. दोन्ही जवळजवळ असल्या पाहिजेत. जमिनींत त्यांचा कंद राहतो आणि दर पावसाळ्यांत पुन्हां फुटतो.

दारचें पीक म्हणजे मूळचें आमच्याच देशांतलें पीक, असाही हट्ट नसावा. मिरची, पेरू, काजू व अननस हीं अमेरिका खंडांतलीं. पोर्तुगीज लोकांच्या हातून तीं या किनाऱ्यास आलीं. ठाणें १७३७ पर्यंत व वसई १७३९ पर्यंत त्यांच्याच अंमलाखालीं होती. आज मिरचीवांचून आमची भाजी होत नाहीं. मातीनें व ऋतूनें जें आपलेंसें केलें तें आपलें.

४. पाणी कोठलें?

ताजी व हिरवीगार दिसते एवढ्यावरून भाजी चांगली ठरत नाहीं. मुंबई-ठाण्याकडील लोहमार्गाच्या कडेस पालक, माठ व अळू यांचे वाफे प्रवाशांनीं वर्षानुवर्षें पाहिले आहेत. अन्न अधिक पिकावें या हेतूनें रेल्वेनें आपल्या कर्मचाऱ्यांस रुळांलगतची जमीन लागवडीस दिली होती. हेतु चांगला, परंतु तेथील पुष्कळ वाफ्यांस नाल्यांतील सांडपाणी मिळे. पाल्यावरील माती व बरेचसे जंतु धुतल्यानें जातात व शिजविल्यानें मरतात. पण पाण्यांतील शिसें व कॅडमियम यांसारखे धातु मुळांवाटें पानांच्या आंत शिरतात. ते धुवून निघत नाहींत व शिजवूनही जात नाहींत. म्हणून विकत घेतांना भावाबरोबर पाणीही विचारावें. आपल्या परसांतील अळवास न्हाणीचें पाणी सोडण्याची चाल जुनी आहे. पूर्वीं त्या पाण्यांत शिकेकाई किंवा राख असे, आतां धुण्याचे तीव्र चूर्ण असतें. तें पाणी फुलझाडांस द्यावें, भाजीस देऊं नये.

५. शरम व किंमत

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळतों. गांवांतील कित्येक मुलें नाचणीची भाकर व टाकळ्याची भाजी शाळेंत नेण्यास लाजतात. ती गरिबाची खूण आहे असें त्यांस कोणीं तरी शिकविलें आहे. उलटपक्षीं, त्याच टाकळ्याची जुडी शहरांतील सुखवस्तु माणसें हौसेनें विकत घेतात. राज्याचें कृषि खातें २०२० सालापासून ऑगस्टांत आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवूं लागलें. आणि संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें साल नाचणी, वरी, ज्वारी, बाजरी या भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. ज्या धान्यामुळें आमचीं मुलें मान खालीं घालतात त्याचा गौरव जगाच्या सभेंत झाला.

हा गौरव निष्कारण नव्हे. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तेवढ्याच सडलेल्या पांढऱ्या तांदुळांत तें दहाच्या आसपास भरतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या अंगीं रक्त कमी आढळलें. डॉक्टरांच्या गोळ्या सोडून पाला खावा असें आम्ही म्हणत नाहीं. गोळ्या घ्याव्याच, परंतु रोजच्या ताटांत एक पालेभाजी असावी, तिच्यावर लिंबू पिळावें, आणि जेवणावर लगेच चहा घेऊं नये. आंबटानें पाल्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते, चहानें त्यास अडथळा येतो.

आणि ज्या घरांत सर्वांस वाढून झाल्यावर बाईच्या वांट्यास नुसता भात व आमटीचें पाणी उरतें, तेथें भाजी कितीही पौष्टिक असली तरी तिचा उपयोग काय? या पाठांतील ही गोष्ट मुख्यतः पुरुषांकरितां आहे.

६. रानास उरूं देणें

रानभाजीस मागणी वाढली ही चांगली गोष्ट, पण तींत एक धोका आहे. जुन्या बाया पान खुडीत, मूळ ठेवीत. विक्रीची घाई झाली म्हणजे रोप मुळासकट उपटलें जातें. करटोलीचा कंद खणला कीं पुढील वर्षीं तेथें वेल नाहीं. फोडशीच्या जातीच्या मुळांस सफेद मुसळी म्हणून औषधांच्या बाजारांत मोल येतें. त्या लोभानें मूळच काढलें तर भाजीही गेली आणि बींही गेलें. शिवाय जेथें डोंगरउतार फोडून प्लॉट पडतात तेथें खुडावयास कांहींच राहत नाहीं. ही हानि प्रथम कोणास सोसावी लागते? जिच्याजवळ शेत नाहीं, नोकरी नाहीं, फक्त रानाची ओळख आहे, तिला. तिची पावसाळ्यांतील मजुरी म्हणजे ती टोपली. तिच्याशीं जुडीमागें दोन रुपयांची घासाघीस करण्यापूर्वीं ती किती कोस चालून, कोणती गाडी धरून आली असेल याचा विचार व्हावा.

७. मंडळींनीं काय करावें

येत्या पावसाळ्यांत प्रत्येक गांवच्या मंडळींनीं चार कामें हातीं घ्यावींत. गांवांतील वृद्ध बायांकडून तेथील भाज्यांचीं नांवें, महिना, खुडण्याची रीत व शिजविण्याची कृति एका वहींत लिहून घ्यावी. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं सांगावें, शाळेंतील मुलींनीं लिहावें. घरटीं एक शेवगा लावावा. गांवठी वाल, काकडी, दोडका यांचें बीं राखेंत घालून ठेवावें व शेजाऱ्यास द्यावें. आणि मंडळींच्या एखाद्या सामुदायिक भोजनांत विकतच्या बटाट्याऐवजीं त्या ऋतूची भाजी व नाचणीची भाकर मानानें वाढावी. मुलांची लाज उपदेशानें जात नाहीं. वडील माणसें आवडीनें खातांना दिसलीं म्हणजे जाते.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या घरीं गेल्या आठवड्यांत शिजलेल्या भाज्यांपैकीं त्या ऋतूच्या किती होत्या, व त्या कोठून आल्या?

२. शेवळांत काकड व अळवांत चिंच कां घालतात, हें मुलांस समजावून सांगतां येईल काय?

३. आपल्या गांवांत रानभाज्यांची जाणती बाई कोण? तिच्याजवळ बसून शिकलेली तरुण मुलगी एक तरी आहे काय?

४. आपल्या घरीं सर्वांच्या शेवटीं कोण जेवतें, आणि तिच्या ताटांत काय उरतें?